हरिपूरच्या जमिनीत घराची उष्णता सोडताना

जमिनीच्या मदतीने घर थंड ठेवण्याचा विचार आम्ही बोलून दाखवला, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तुरळची किंवा राजापूरची गरम पाण्याची कुंडे उभी राहिली आणि सांगलीत तसे झरे नसताना हे कसे शक्य आहे, असा प्रश्न आला. या पद्धतीचा त्या उष्णतेशी काहीही संबंध नाही. तिला लागते ती जमिनीच्या तापमानाची स्थिरता. दिवसाच्या तापमानातील चढउतार जमिनीत हात-दोन हात खोलीवर विरून जातात, ऋतूंचे चढउतार आठ-दहा मीटरांपर्यंत पोहोचेपर्यंत जवळजवळ मावळतात, आणि त्याखाली बारा महिने एकच तापमान राहते, जे त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या थोडेसे वर असते. सांगलीत ते २७ अंश सेल्सिअसच्या आसपास भरते. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना पायाखाली काही मीटरांवर २७ अंशांचा अफाट खडक पडून आहे, एवढीच ही पुंजी.

आमचे घर सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणा संगमापासून जवळच. ज्यांच्या घरी पूर्वी हळदीचा व्यापार होता त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही, कारण हळदीची पेवे याच तत्त्वावर चालत. अरुंद तोंडाच्या, आत रुंद होत जाणाऱ्या त्या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे; वर ऊन असो की थंडी, आत फरक पडत नसे. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि तो व्यवहार मोडला. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना, आणि आमच्या जुन्या घराच्या भिंती राहण्याजोग्या उरल्या नाहीत. नवे घर खांबांवर, उंचावर बांधायचे हे ठरलेलेच होते. आई आणि आबा दोघेही सत्तरीपुढचे. उन्हाळ्यात रात्री पंख्याखाली त्यांना झोप लागत नव्हती. त्यामुळे थंडाव्याची सोय घराच्या नकाशातच धरायची, नंतर भिंती फोडून बसवायची नाही, असे मी ठरवले.

विश्रामबागच्या वालचंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मित्राने पहिल्या बैठकीतच माझ्यासमोर दोन मार्ग ठेवले. एक म्हणजे जमिनीत तीन-चार मीटर खोल रुंद नळ पुरायचे आणि बाहेरची हवा त्यांतून ओढून घरात सोडायची. गुरगावजवळ ग्वाल पहाडी येथील टेरी संस्थेच्या इमारतीत असे हवेचे बोगदे वापरले आहेत. खर्च कमी, यंत्र जवळजवळ नाही. पण आमच्याकडे नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येते, पूर आला तर ते नळ गाळाने भरतील, आणि पूर नसला तरी दमट हवा थंड नळातून जाताना आत पाणी सुटून बुरशी धरते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कोरड्या भागात मी हा पर्याय अजूनही प्रथम पाहीन. हरिपुरात तो बसत नव्हता. दुसरा मार्ग बंद नळीचा होता. उभ्या बोअरमध्ये पाण्याने भरलेली प्लास्टिकची नळी सोडायची, तेच पाणी घरातील उष्णता-पंप (एसीसारखेच, एका जागची उष्णता उचलून दुसरीकडे सोडणारे यंत्र) आणि जमीन यांच्यात फिरत ठेवायचे, आणि बाहेरच्या पाण्याशी वा हवेशी त्याचा कधीही संपर्क येऊ द्यायचा नाही. पुराचे पाणी डोक्यावरून गेले तरी अशा नळीचे काही बिघडत नाही. आम्ही हाच मार्ग धरला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण परदेशातील वर्णने वाचून अनेकांची अपेक्षा चुकीची होते. उत्तर युरोपात जमीन १० अंशांची असते; तेथे उन्हाळ्यात जमिनीतले पाणी नुसते फिरवले तरी खोली थंड होते. आमच्या २७ अंशांच्या खडकातून फिरून आलेले पाणी खोली गार करू शकत नाही आणि हवेतला दमटपणा तर मुळीच काढू शकत नाही. म्हणून आपल्याकडे कॉम्प्रेसर लागतोच. जमीन आपल्याला गारवा देत नाही. घरातून काढलेली उष्णता टाकायला ती बाहेरच्या हवेपेक्षा बरी जागा देते. साध्या एसीला ४० अंशांच्या हवेत उष्णता ढकलायची असते, त्यासाठी त्याचे बाहेरचे कॉइल ५० अंशांच्या वर तापवावे लागते. जमिनीच्या पाण्यात तीच उष्णता ४२ अंशांच्या आसपास सोडता येते. कागदावरचा हिशेब असा होतो: आतले कॉइल ७ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष तापमान (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणारे) २८० धरले आणि बाहेरचे ५२ अंशांवर, तर दोहोंतील फरक ४५, आणि २८० ला ४५ ने भागले की कळते, आदर्श यंत्राने एका युनिट विजेत सहा युनिटांच्या थोडी वर उष्णता हलवायला हवी. बाहेरचे कॉइल ४२ वर आले की फरक ३५ उरतो आणि उत्तर ८ येते. प्रत्यक्ष यंत्रे या आदर्शाच्या निम्म्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे तीन विरुद्ध चार. भर मे महिन्यात, जेव्हा एसीची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हाच साधा एसी सर्वांत जास्त थकतो. जमिनीला जोडलेल्या यंत्राचे तसे होत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा.

आबांना यंत्रापेक्षा ही कल्पना किती जुनी, पारखलेली आहे याची काळजी होती. उष्णता-पंपाची कल्पना पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये मांडली, आणि जमीन हा त्याचा स्रोत म्हणून वापरण्याचे पेटंट स्वित्झर्लंडमध्ये १९१२ मध्ये घेतले गेले, हे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले.

मग मोजमाप सुरू झाले. गच्चीवर पांढरे आवरण, पश्चिमेच्या भिंतीला दुहेरी विटा आणि खिडक्यांवर खोल छज्जे ही कामे मित्राने आधी करायला लावली, कारण घरात शिरणारी उष्णता अडवण्याचा खर्च ती बाहेर काढण्याच्या खर्चापेक्षा नेहमी कमी असतो. त्यानंतर दोन झोपायच्या खोल्या आणि बैठकीची खोली मिळून अडीच टनांचा, म्हणजे सुमारे ९ किलोवॅटचा भार निघाला. कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते, म्हणून जमिनीत ११ किलोवॅट जाणार. आपल्या काळ्या खडकाची उष्णतावाहकता फार मोठी नाही, ग्रॅनाइटपेक्षा ती बरीच कमी आहे. बोअरच्या दर मीटरला ४० ते ५० वॅट धरून तीन बोअर, प्रत्येक ८० मीटर खोल आणि एकमेकांपासून ६ मीटर अंतरावर, असा आराखडा ठरला.

बोअरची गाडी आली आणि गल्लीतली निम्मी माणसे अंगणात जमली. वरची दहा-बारा मीटर काळी माती आणि गाळ, तेथपर्यंत केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरवावे लागले. त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा थर, आणि त्याखाली ठिसूळ, छिद्राछिद्रांचा मांजऱ्या. बाहेर उडणाऱ्या भुकटीचा रंग बदलला की गाडीवाला थर सांगे आणि मी वहीत खोली लिहीत असे, कारण कोणत्या थरातून उष्णता किती वाहील हे त्यावरून कळते. दुसऱ्या बोअरला मांजऱ्यात चांगले पाणी लागले. गाडीवाल्याने हॅमर थांबवला आणि आनंदाने म्हणाला, “साहेब, दोन इंची पाणी हाय! मोटर बसवा आता.” मी त्याला सांगितले की बोअर पूर्ण खोल करून नंतर ती भरून टाकायची आहे. तो काहीच बोलला नाही, पण आबा खुर्चीवरून उठून आले.

“लागलेलं पाणी बुजवायचं? आपल्या घराण्यात असं कुणी केलेलं नाही.”

“आबा, पाणी कुठं जात नाही. खडकात होतं तिथंच राहतंय. आपण फक्त वरचं घाण पाणी त्यात उतरू नये म्हणून भोक बंद करतोय.”

“आणि तुझ्या नळीला त्या पाण्याचा त्रास?”

“उलट उपयोग आहे. ते पाणी हळूहळू वाहतं, ते उष्णता घेऊन पुढं जाईल.”

ही शेवटची गोष्ट मी त्यांना बरे वाटावे म्हणून सांगितली नव्हती. वाहते भूजल मिळालेली बोअर कोरड्या बोअरपेक्षा कितीतरी चांगले काम करते. आणि बोअर बंद करणे हा केवळ तांत्रिक भाग नाही. पुराचे आणि सांडपाण्याचे पाणी एका उघड्या बोअरमधून थेट खालच्या थरात जाऊ शकते, आणि त्याच थरावर शेजाऱ्यांचे हातपंप आहेत. याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य केली नसती.

नळी सोडण्याच्या कामाला बोअर मारण्यापेक्षा जास्त काळजी लागते. एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकच्या दोन नळ्या तळाशी इंग्रजी यू अक्षरासारख्या वळणाने जोडलेल्या असतात. हा सांधा कारखान्यातच वितळवून केलेला असावा, कारण एकदा खाली गेल्यावर तो पुन्हा हाताला लागणार नाही. बोअरमध्ये पाणी असेल तर रिकामी नळी तरंगते, म्हणून ती आधी पाण्याने भरून, तळाशी लोखंडी वजन बांधून सोडली. तिच्याबरोबर एक तिसरी बारीक नळी गेली, जिच्यातून बेंटोनाइट (पाण्याने फुगून भोक बंद करणारी चिकणमाती) आणि बारीक वाळू यांचा लगदा तळापासून वर दाबत आणला. वरून ओतला असता तर मध्ये हवेच्या पोकळ्या राहिल्या असत्या आणि हवेतून उष्णता फारशी जात नाही. वाळूचेही महत्त्व आहे: नुसत्या बेंटोनाइटपेक्षा योग्य वाळू मिसळलेल्या लगद्यातून जवळपास दुप्पट उष्णता वाहते. वरचे आडवे नळ दीड मीटर खोल चरातून घराकडे आणले आणि त्यांच्याभोवती वाळूचा थर दिला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा देते. नळाला ती थेट भिडू दिली तर कधी आवळते, कधी सोडून देते.

यानंतर दाबाची चाचणी झाली. नळी सुरुवातीला थोडी ताणली जाते, त्यामुळे दाब किंचित उतरतो आणि मग स्थिर होतो. तो स्थिर झाल्यानंतर पुन्हा उतरला तरच गळती समजायची. पहिल्या बोअरवर मित्राने उष्णता-चाचणीही घेतली. ठरावीक शक्तीच्या हीटरमधून पाणी किमान ४८ तास फिरवायचे आणि ते कोणत्या गतीने तापते ते नोंदवायचे; त्यावरून खडक किती उष्णता वाहून नेतो ते कळते. हीटर लावण्यापूर्वी नुसते पाणी फिरवले तेव्हा तापमान २७ अंशांच्या किंचित वर स्थिरावले. लहान घरासाठी ही चाचणी सगळे करत नाहीत, पण अंदाजावर अडीचशे मीटर बोअर मारण्यापेक्षा पहिल्या बोअरवर खात्री करून पुढच्या दोन ठरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. थंड देशांत नळीतल्या पाण्यात ते गोठू नये म्हणून ग्लायकोल मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. गंजरोधक घातलेले मृदू पाणी पुरते, मात्र बोअरचे जड पाणी भरू नये, क्षार साचतात. उष्णता-पंप, फिरत्या पाण्याचे पंप आणि सर्व विद्युत जोडण्या पहिल्या मजल्यावर घेतल्या. खोल्यांत फॅन कॉइल, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा फिरवणाऱ्या पेट्या, बसवले आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळांना जाड आवरण दिले.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा अनुभव लिहायला घेतला, त्याकडे येतो. थंड देशांत ही पद्धत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढते आणि उन्हाळ्यात परत देते, त्यामुळे जमिनीचा जमाखर्च बऱ्याच अंशी जुळतो. सांगलीत घर गरम करण्याची गरज पडत नाही. आपण दरवर्षी फक्त टाकत राहणार. आमच्या घराचा हिशेब असा होता: उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत रोज ४५ युनिट उष्णता घरातून काढायची, म्हणजे ४,५०० युनिट, त्यात कॉम्प्रेसरचे सुमारे १,१०० युनिट मिळवले आणि आंघोळीच्या पाण्यासाठी जागच्या जागी वापरलेली उष्णता वजा केली, तर पाच हजारांच्या आसपास युनिट जमिनीत जातात. तीन बोअरभोवतीचा प्रत्येकी ३ मीटर त्रिज्येचा खडक धरला तर तो पावणेसात हजार घनमीटर भरतो, आणि पाच हजार युनिटांनी तो एका अंशापेक्षा थोडा जास्त तापतो. एका वर्षी याने काही बिघडत नाही. पण उष्णता परत काढली नाही तर पुढच्या उन्हाळ्याची सुरुवात थोड्या तापलेल्या खडकापासून होते, त्यापुढच्या उन्हाळ्याची आणखी तापलेल्या, आणि दहा-बारा वर्षांत आपण एवढा खर्च करून साध्या एसीइतकेच वीजबिल भरू लागतो. आजूबाजूचा खडक आणि वाहते भूजल यांतली काही उष्णता नेतात, पण सगळी नाही. ही पद्धत विकणारे या गोष्टीबद्दल सहसा बोलत नाहीत, आणि घेणाऱ्याने ती स्वतः विचारलीच पाहिजे.

आमच्या आराखड्यात याचे दोन उपाय पहिल्यापासून धरले होते. पहिला आंघोळीच्या पाण्याचा. उन्हाळा संपल्यावर झडपा फिरवून तेच यंत्र जमिनीतून उष्णता उचलते आणि रोजचे दोनशे लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापवते. त्यासाठी रोज पाचेक युनिट उष्णता लागते, त्यातली साडेतीन युनिट जमिनीतून येते. आठ महिन्यांत सव्वाआठशे-साडेआठशे युनिट. पाच हजारांपुढे हा आकडा लहान आहे. दुसरा उपाय मोठा आहे आणि तो आपल्या हवामानात फुकट मिळतो. हिवाळ्यात सांगलीच्या रात्री १२ ते १५ अंशांपर्यंत उतरतात. गच्चीवर पंख्याचे एक मोठे कॉइल बसवले आहे; त्या रात्रींत कॉम्प्रेसर बंद ठेवून जमिनीतले पाणी नुसते त्यातून फिरवले जाते, तापलेले पाणी वर येते, गार होऊन खाली जाते आणि खडक निवत जातो. ताशी चार-साडेचार युनिट बाहेर पडतात, रात्रीचे नऊ तास आणि सत्तर रात्री धरल्या तर अडीच हजारांहून अधिक, आणि वीज फक्त पंप व पंख्यापुरती लागते. उरलेले काम आजूबाजूचा खडक आणि मांजऱ्यातले पाणी करते.

पहिल्या उन्हाळ्यात मेअखेरीस जमिनीतून परत येणारे पाणी ३४ अंशांपर्यंत चढले होते. फेब्रुवारीत ते पुन्हा २८ च्या खाली आले, आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा ३४ वरच थांबले. हे आकडे मी दर आठवड्याला नोंदवतो, कारण ही पद्धत चांगली चालते की नाही हे वीजबिलापेक्षा आधी त्यांत दिसते. आई-आबांच्या खोलीत रात्री २६ अंश राहतात, बाहेरच्या यंत्राचा आवाज नाही, आणि आबांनी पाणी बुजवल्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

खर्चाबद्दल विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो की तीन चांगल्या इन्व्हर्टर एसींच्या तिप्पट-चौपट पैसे लागले, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बोअर आणि नळीचा होता. ज्यांना फक्त रात्री एक खोली गार हवी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. तासगावचे माझे मामा बेदाण्याच्या शीतगृहासाठी विचारायला आले होते, त्यांनाही मी नकोच म्हटले: तेथे बारा महिने, रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकायची असते, जमिनीला निवायला एकही महिना मिळत नाही, आणि कितीही बोअर मारल्या तरी काही वर्षांत सगळा खडक तापेल. त्यांच्यासाठी पाणी शिंपडून उष्णता हवेत सोडणारा मनोरा, म्हणजे कूलिंग टॉवरच बरा.

मात्र ज्यांच्या मळ्यात बारमाही पाण्याची विहीर आहे, त्यांनी बोअरचा विचार करण्याआधी विहिरीकडे पाहावे. नळीची वेटोळी चौकटीला बांधून तळाशी बुडवली की तेच काम होते, खोदाईचा सगळा खर्च वाचतो, आणि काही बिघडले तर चौकट वर काढून पाहता येते. अट एवढीच की मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असताना वेटोळी पूर्ण बुडालेली राहिली पाहिजेत, आणि झऱ्याने पाणी बदलत असले पाहिजे. मिरज तालुक्यातल्या आमच्या चुलतभावाने त्याच्या विहिरीत तळाशी आणि मध्यावर तापमापक सोडले आहेत. एक पूर्ण उन्हाळा आकडे घेतल्याशिवाय नळीची खरेदी करायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.